ऊस खुजा का राहिला? एका जीवाणूच्या ओळखीची गोष्ट

ऊस हे एक गवत आहे, असे वर्गात सांगितले की मुले हसतात. दहा-बारा फूट उंच वाढणारे आणि कोयत्याने तोडावे लागणारे ते गवत कसले? पण उसाची आणि अंगणातल्या हरळीची पाती, पेरी व मुळांचा झुबका शेजारी ठेवून पाहायला सांगितले, की दोघांचे नाते त्यांच्या लक्षात येते. भात, गहू, ज्वारी, बाजरी, मका आणि बांबू हेही याच तृणकुलातले. आपले रोजचे जेवण बहुतांशी गवतांवरच चालते, असे म्हटले तरी ते खोटे ठरणार नाही.

म्हणूनच गवतांचे रोग हा किरकोळ विषय नाही. तांबेरा किंवा काणी यांसारखे बुरशीजन्य रोग शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसतात. जीवाणूंमुळे होणारे काही रोगही दिसतात. काही मात्र इतके छुपे असतात, की रोग आहे हेच वर्षानुवर्षे कळत नाही. या लेखात अशा दोन रोगांचा इतिहास पाहू. दोन्ही उसाचे आहेत, दोन्ही अनेक वर्षे विषाणूजन्य समजले गेले आणि दोन्हींची खरी ओळख पटायला दशके लागली. एक प्रथम लक्षात आला ऑस्ट्रेलियात, तर दुसरा आपल्या महाराष्ट्रात. 'रोगाचे कारण ओळखले' असे आपण सहज म्हणतो. ते म्हणण्यासाठी कोणता पुरावा लागतो, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

दिसणारा जीवाणू

वनस्पतींना जीवाणूंमुळे रोग होतात, हेच मुळात सहजासहजी मान्य झाले नव्हते. अमेरिकेत थॉमस बरिल यांनी १८७८ ते १८८० या काळात नासपतीच्या एका रोगाचा संबंध जीवाणूंशी जोडला. तरीही १८९७ मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड फिशर यांनी ही कल्पना नाकारली. अमेरिकेतील अर्विन स्मिथ यांच्याशी त्यांचा वाद काही वर्षे गाजला आणि शेवटी स्मिथ यांचे म्हणणे टिकले.

याच सुमारास, १८९३ मध्ये, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथे नेथन कॉब यांनी उसाच्या एका रोगाचे वर्णन केले. ऊस आडवा कापला की कापलेल्या तोंडावर पिवळ्या डिंकाचे थेंब जमत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबांत असंख्य जीवाणू दिसत. पुढे स्मिथ यांनी हा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला, निरोगी उसात टोचला आणि तोच रोग निर्माण करून दाखवला.

हा क्रम रॉबर्ट कॉख यांच्या नियमांना धरून होता. रोगी शरीरात जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी शरीरात घातल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि तिथून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. डिंक्या रोगाचा जीवाणू या परीक्षेला सहज उतरला, कारण तो दिसतही होता आणि बशीत वाढतही होता.

पण जंतू दिसलाच नाही आणि बशीत वाढलाच नाही तर? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे एक ठरीव उत्तर होते. संसर्गाने पसरते, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि कृत्रिम खाद्यावर वाढत नाही, म्हणजे तो विषाणू असणार. हे उत्तर पुष्कळदा बरोबर ठरत असे. उसाच्या बाबतीत ते दोनदा चुकले.

क्वीन्सलंडमधला खोडवा

ऊस बियांपासून लावत नाहीत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी सरीत टाकली की लागण होते. ऊस तोडल्यावर बुडख्यातून जे फुटवे येतात त्याचा खोडवा आणि त्यानंतरचा निडवा. म्हणजे शेतातला ऊस ही पिढ्यान्‌पिढ्या तोडून-जोडून चालू ठेवलेली एकच वनस्पती असते. त्यामुळे एका टिपऱ्यात शिरलेला जंतू पुढच्या सगळ्या पिढ्यांत आपोआप जातो.

१९४४-४५ च्या हंगामात क्वीन्सलंडमधील मॅके भागात 'क्यू २८' या वाणाचे खोडवे खुजे राहू लागले. पानांवर ठिपके नव्हते, रंग बदललेला नव्हता, कुजही नव्हती. ऊस फक्त बारीक आणि आखूड होता. शेजारी निरोगी ऊस उभा नसेल, तर काही बिघडले आहे हे कळणेही अवघड. पक्का ऊस उभा चिरला तर पेरांच्या जागी स्वल्पविरामासारखे नारिंगी-तांबडे ठिपके कधी दिसत, कधी नाही. तसे ठिपके इतर कारणांनीही पडू शकतात. खोडव्यात नुकसान जास्त जाणवे म्हणून याला 'खोडवा खुजा राहण्याचा रोग' असे नाव पडले.

तेथील ऊस संशोधन केंद्रातील स्टाइंडल यांनी या रोगाचा चिकाटीने पाठपुरावा केला. रोगी उसाचा रस निरोगी टिपऱ्याला लागला की रोग होतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे एका उसातून दुसऱ्या उसात रोग नेणारे साधन माणसाच्या हातातच होते, ते म्हणजे तोडणीचा कोयता. याचा प्रसार करणारा कीटक आजवर सापडलेला नाही. १९५० च्या सुमारास त्यांनी उपायही सांगितला. बेणे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन तास ठेवायचे.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. उपाय आधी सापडला आणि कारण नंतर. कारण चुकीचे समजले असतानाही उपाय लागू पडत होता. मग खरे कारण शोधण्याची गरजच काय, असा प्रश्न कोणी विचारेल. गरज होती ती अशी, की कोणते बेणे रोगी आणि कोणते निरोगी हे सांगायची सोय नव्हती. संशयित रस दुसऱ्या संवेदनशील वाणात टोचायचा आणि काही महिने वाट पाहायची, एवढाच मार्ग होता. तोवर हंगाम निघून जाई. या रोगाने उत्पन्न साधारण पाच ते पंधरा टक्के घटते आणि पाण्याचा ताण असेल तर घट तीस टक्क्यांपर्यंतही जाते. मात्र लक्षण दिसत नसल्यामुळे शेतकरी जमिनीला, खताला किंवा वाणाला दोष देतो. 'वाण उतरला' असे म्हणून कित्येकदा चांगला वाणही टाकून दिला जातो.

वर्षानुवर्षांच्या कामानंतरही विषाणू हाती नाही

१९५० आणि १९६० ची दशके विषाणूच्या शोधात गेली. तो मिळाला नाही. शेवटी १९७३ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्वतंत्रपणे कळवले, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी उसाच्या जलवाहिन्यांत बारीक काड्यांसारखे जीवाणू दिसतात. त्यांची जाडी अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी होती. ऑस्ट्रेलियातील शोधनिबंधाच्या लेखकांत स्टाइंडल यांचे नाव आहे. ज्या माणसाने या रोगाचा विषाणूजन्य म्हणून अभ्यास केला, तोच जीवाणूचा पुरावा मांडणाऱ्यांत होता. विज्ञानात मत बदलणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तरीही कॉख यांची परीक्षा बाकीच होती. नेहमीच्या खाद्यावर हा जीवाणू वाढेना. १९८० मध्ये डेव्हिस, गिलास्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या पिठाचे एक खास माध्यम तयार केले. त्यात हेमिन, अल्ब्युमिन हे प्रथिन आणि सिस्टीन हे अमिनो आम्ल घातले. सुमारे दोन आठवड्यांनी टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसू लागल्या. हा जीवाणू निरोगी उसात टोचल्यावर रोग झाला. खुजा ऊस प्रथम लक्षात आल्यापासून छत्तीस वर्षांनी गुन्हेगार सापडला.

त्याच निबंधात आणखी एक नोंद होती. हरळीतही अगदी तसाच जीवाणू मिळाला होता! तो उसात टोचला तर वाढत असे, पण उसात या रोगाची लक्षणे उत्पन्न करत नसे. १९८४ मध्ये दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानून नावे दिली गेली. उसातला 'क्लॅव्हिबॅक्टर झायली झायली' आणि हरळीतला 'क्लॅव्हिबॅक्टर झायली सायनोडॉन्टिस'. 'झायली' हे नाव झायलेम म्हणजे जलवाहिनीच्या ऊतीवरून आले.

आता अडचण वेगळी होती. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखे दिसत. प्रतिपिंडांच्या चाचणीतही दोघांचा गोंधळ होण्याची शक्यता होती. एक रोगकारक, दुसरा उसाच्या दृष्टीने निरुपद्रवी. रूपावरून ओळख पटेना, तेव्हा रेणूंकडे वळणे भाग होते.

डीएनएची साक्ष

प्रत्येक जीवाणूत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यांच्या एका घटकाचा, म्हणजे '१६ एस' आरएनएचा, आराखडा डीएनएत लिहिलेला असतो. हे काम इतके मूलभूत आहे की त्याची अक्षरे फार सावकाश बदलतात. १९७७ मध्ये कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी या अक्षरांची तुलना करून सूक्ष्मजीवांचे नातेसंबंध लावता येतात हे दाखवले. ज्या जीवाणूला रंग नाही, आकार सांगण्याजोगा नाही, त्याचीही वंशावळ काढता येऊ लागली.

दुसरे साधन म्हणजे पॉलिमरेज साखळी प्रक्रिया अर्थात पीसीआर. कॅरी मलिस यांना तिची कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि त्यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएचा हवा तो तुकडा निवडण्यासाठी त्याच्या दोन टोकांना जुळणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, वापरतात. तापवले की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. थंड केले की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. मग विकर त्यांच्यापुढे नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत तुकड्यांची संख्या दुप्पट होते. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे किती होतील, हे गणित मुलांना घालावे. दोनाचा तिसावा घात म्हणजे १०७ कोटींहून अधिक. प्रत्यक्षात प्रत्येक फेरी इतकी काटेकोर होत नाही, पण अंदाज येतो.

उसाच्या जीवाणूसाठी '१६ एस' पुरेसा नव्हता, कारण जवळच्या नातेवाइकांत तो जवळजवळ सारखा असतो. मात्र '१६ एस' आणि '२३ एस' या दोन जनुकांच्या मध्ये एक मोकळी पट्टी असते. तिच्यावर कामाचे ओझे कमी असल्याने तिच्यात बदल लवकर साचतात. १९९८ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील गटांनी पीसीआरवर आधारलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. अमेरिकन गटाच्या चाचणीत या मधल्या पट्टीवरून प्रायमर बनवले होते. उसातला जीवाणू असेल तर ४३८ अक्षरांचा तुकडा तयार होतो. जेलीच्या चकतीवर विद्युतप्रवाहाने तो सरकवला की ठरावीक जागी चमकता पट्टा दिसतो. महिन्यांचे काम एका दिवसावर आले.

ही चाचणी विद्यार्थ्यांना दाखवताना आम्ही नेहमी तीन नळ्या जास्तीच्या ठेवतो. एकीत खात्रीने रोगी नमुना, दुसरीत खात्रीने निरोगी आणि तिसरीत नुसते पाणी. एकदा पाण्याच्या नळीतही पट्टा उमटला. चूक आमचीच होती. आधीच्या प्रयोगातला एखादा थेंब पिपेटमधून गेला असणार. त्या दिवशीचे सगळे निकाल आम्ही टाकून दिले. जी पद्धत एका तुकड्याचे कोट्यवधी करते, ती आपल्या निष्काळजीपणाचेही कोट्यवधी करते. विद्यार्थ्यांना त्या दिवशी जे कळले, ते यशस्वी प्रयोगातून कळले नसते.

रेणूंच्या आधारे पुढे नावही बदलले. २००० मध्ये हा जीवाणू 'लिफ्सोनिया' या नव्या प्रजातीत गेला. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आयनर लिफ्सन यांच्यावरून हे नाव दिले आहे. २००४ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला. तो सुमारे २५.८ लाख अक्षरांचा भरला आणि त्यातली तीनशेहून अधिक जनुके मोडकी, निकामी झालेली निघाली. उसाच्या जलवाहिनीत आयते राहणाऱ्या जीवाला बाहेरच्या जगात लागणारी बरीच हत्यारे लागत नाहीत. न वापरलेली हत्यारे गंजतात, तसे हे झाले असावे. हा जीवाणू बशीत वाढायला इतका नाखूश का, याचाही त्यातून उलगडा होतो.

२००६ मध्ये आणखी एक निष्कर्ष पुढे आला. निरनिराळ्या देशांतून गोळा केलेल्या या जीवाणूंचे डीएनए जवळजवळ एकसारखे होते. जंतू जर वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उसात शिरला असता, तर त्यांच्यात फरक दिसले असते. एकसारखेपणाचा सरळ अर्थ असा, की एकच वंश बेण्याबरोबर देशोदेशी गेला. तो नेला वाऱ्याने नव्हे, माणसाने. नवीन वाणाची टिपरी जहाजातून पाठवणाऱ्याला आपण सोबत काय पाठवतो आहोत, याची कल्पनाही नव्हती.

बेलापूरपासून पुण्यापर्यंत

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. १९४९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर परिसरात उसाचा एक विचित्र रोग नोंदला गेला. बेटातून असंख्य बारीक फुटवे येत, पाती अरुंद आणि फिकट किंवा पांढरी पडत, आणि उसाचे बेट गवताच्या ठोंबासारखे दिसे. याला गवताळ वाढ म्हणतात. लोहाच्या कमतरतेने उसावर केवडा पडतो, त्याच्याशी याची गल्लत होते. केवडा पडलेल्या उसावर हिराकस फवारला की पाने हिरवी होऊ लागतात. गवताळ वाढ झालेला ऊस मात्र सुधारत नाही.

हाही विषाणूच समजला गेला. पुढे १९६७ मध्ये जपानमध्ये योजी दोई आणि सहकाऱ्यांनी तुतीचा खुजेपणा आणि इतर काही झाडांच्या अशाच रोगांत रसवाहिन्या तपासल्या. त्यांना विषाणूंऐवजी भित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जीव दिसले. त्याच वर्षी टेट्रासायक्लीन दिल्यावर रोगी झाडांची लक्षणे काही काळ ओसरतात हेही दिसून आले. विषाणूवर टेट्रासायक्लीन चालत नाही. पेनिसिलिन जीवाणूच्या भित्तिकेच्या बांधणीवर घाला घालते. जिथे भित्तिकाच नाही तिथे ते निरुपयोगी. म्हणजे कोणते औषध लागू पडते यावरूनही जंतूची जात कळू शकते. या जीवांना पुढे फायटोप्लाझ्मा असे नाव मिळाले आणि जगभरच्या 'विषाणूजन्य' रोगांच्या याद्या तपासल्या जाऊ लागल्या. उसाची गवताळ वाढही त्यातच निघाली.

फायटोप्लाझ्माची ओळख पटवण्यात रेणूंना पर्याय नाही. तो बशीत वाढवून शुद्ध स्वरूपात ठेवता येत नाही आणि त्याला ठाम आकारही नाही. त्यामुळे '१६ एस'च्या अक्षरांवरूनच त्यांचे गट पाडले गेले. गवताळ वाढीचा फायटोप्लाझ्मा भाताच्या पिवळ्या खुजेपणाच्या आणि उसाच्या श्वेतपर्ण रोगाच्या जंतूंच्या जवळचा ठरला. हरळीची पाने पांढरी करणारा फायटोप्लाझ्मा वेगळ्या गटातला. १९९९ मध्ये त्या हरळीतल्या फायटोप्लाझ्माचा जनुकसंच मोजला गेला, तेव्हा तो अवघा ५.३ लाख अक्षरांच्या आसपास भरला.

२०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी गवताळ वाढीच्या जंतूला 'कँडिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकॅरी' हे नाव दिले. बेलापूर ते पुणे हे अंतर दोनशे किलोमीटरही नाही. रोगाच्या नोंदीपासून जंतूच्या नावापर्यंतचा प्रवास मात्र बहात्तर वर्षांचा झाला. 'कँडिडेटस' म्हणजे उमेदवार. शुद्ध संवर्धन हाती नसताना दिलेल्या नावापुढे हा शब्द लावायचा संकेत आहे. कॉख यांच्या परीक्षेत एक प्रश्न अजून सुटायचा आहे, याची ती प्रामाणिक कबुली आहे.

चाचणीची मर्यादा

पीसीआरमुळे सगळे प्रश्न मिटले, असे मुलांच्या मनावर बिंबवू नये. पट्टा दिसला याचा अर्थ त्या नमुन्यात तो डीएनए आहे, एवढाच. जंतू जिवंत आहे की मेलेला, त्याने रोग केला की नाही, हे पट्टा सांगत नाही. पट्टा न दिसणे हाही निर्दोषत्वाचा दाखला नाही. समजा एका बेणेमळ्यात पाच टक्के ऊस रोगी आहेत आणि आपण वीस ऊस तपासले. सगळेच्या सगळे निरोगी निघण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. साठ ऊस तपासले तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. प्रयोगशाळा कितीही उत्तम असली, तरी शेतातून नमुना कसा आणला यावर उत्तराची किंमत ठरते.

आपल्याकडे बेण्यावर ५४ अंशांच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया करून पायाभूत बेणेमळे वाढवण्याची पद्धत आहे. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपेही आता मिळतात. पण प्रक्रिया केलेले बेणे शेतात आले आणि रोगी फड तोडलेला कोयता तसाच त्याच्यावर चालला, तर सारी मेहनत फुकट जाते. फड बदलताना कोयता जंतुनाशकाने पुसणे हे काम फार साधे आहे. ज्या जीवाणूचे प्रत्येक अक्षर आज वाचलेले आहे, त्याला अडवण्याची जागा अजूनही तीच आहे.

शाळेच्या मैदानावर हरळी असेलच. पावसाळ्यानंतर तिच्यात पांढऱ्या, आखूड पात्यांचे झुबके दिसतात का, ते मुलांना शोधायला सांगावे. सापडले तर लगेच 'फायटोप्लाझ्मा' असा शेरा मारू नये. पांढरे पडण्याची आणखी कोणती कारणे असू शकतील, आणि प्रत्येक कारण वगळण्यासाठी कोणता पुरावा लागेल, याची यादी आधी करून घ्यावी.